लेकीकडे जपानला जाताना : हॉटेलपुरतं जपानी

आज वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा. चुलीवर काही असेल तर उतरवून ठेवा, कारण आज मधूनमधून मोठ्यानं म्हणायचंही आहे.

जपानी भाषा आणि तीही हॉटेलात राहण्यापुरती, याचा आपल्याशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध असा की माझ्याकडे जपानी शिकायला आता कॉलेजातली मुलंच येत नाहीत, त्यांच्या आयाही येतात. लेक-जावई तिकडे नोकरीला असतात. लेकीला दिवस जातात आणि आईला बोलावणं येतं. २०२१ च्या जानेवारीत भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांसाठी करार झाला. त्यामुळे म्हाताऱ्यांची शुश्रूषा करण्याच्या कामावरही आपल्याकडच्या मुलींना तिथे जाता येतं. टोकियोत एदोगावा नावाचा भाग आहे. तिथे इतकी भारतीय घरं आहेत की २०१९ साली तिथल्या वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. तेव्हा जपान आता फार लांब राहिलेलं नाही.

लेकीचं घर असताना हॉटेल कशाला? विमान रात्री उतरतं, लेकीचं गाव दूर, म्हणून पहिली रात्र विमानतळाजवळ काढावी लागते. कधी घर एवढंसं असतं की आईची सोय जवळच्या हॉटेलात करतात. लेक दवाखान्यात, जावई कामावर, आणि आई हॉटेलच्या खोलीत एकटी. मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात इंग्रजी चालतं, पण लहान गावात तेही थोडकंच. आणि आपल्यातल्या कितीजणींना इंग्रजी येतं? म्हणून मी म्हणते, इंग्रजीच्या वाटेनं वळसा घालून जाण्यापेक्षा सरळ जपानीच बोला. मराठी बाईला ते सोपं जातं.

कसं ते ऐका. आपण म्हणतो, ‘खोली आहे का?’ जपानीत म्हणतात, ‘हेया वा आरिमास् का?’ हेया म्हणजे खोली, आरिमास् म्हणजे आहे, आणि का म्हणजे का! प्रश्न विचारताना शेवटी ‘का’ लावायचा, अगदी आपल्यासारखा. हा निव्वळ योगायोग आहे, दोन्ही भाषांचं नातं नाही. पण योगायोग कामाला आला तर घ्यावा. वाक्याची ठेवणही आपलीच. ‘किल्ली खोलीत विसरले’ हे जपानीत असं होतं : ‘कागि ओ हेया नि वासुरेमाश्ता.’ कागि किल्ली, हेया नि म्हणजे खोलीत, वासुरेमाश्ता म्हणजे विसरले. क्रियापद शेवटी. इंग्रजीसारखी उलटापालट करायची गरज नाही. हे वाक्य वहीत लिहूनच ठेवा. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं आणि किल्ली आत राहते. पाणी आणायला म्हणून गाऊनवर बाहेर आलेली बाई बोळात अडकते, ती अशीच.

उच्चाराचंही तसंच. जपानी अक्षरांची ओळ अ, इ, उ, ए, ओ आणि मग का, कि, कु, के, को अशी चालते. हा मात्र योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतचा अभ्यास तिकडे नेला, त्या वर्णमालेच्या वळणावर ही मांडणी बसली. जपानीत ‘त्सु’ असा एक आवाज आहे, तो इंग्रजी बोलणाऱ्यांना जड जातो. आपल्याला तो चुलीतल्या ‘चु’सारखा म्हणायचा. ‘झु’ म्हणजे झुणक्यातला झु. झालं!

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मी जिथे ‘मास्’, ‘देस्’ म्हणते तिथे शेवटचा स पाय मोडलेला आहे, ‘देसु’ असं ताणू नका. आणि जिथे आवाज लांबवायचा तिथे लांबवाच. ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीऽरु’ म्हणजे बिअर. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. कुणाला काय म्हटलेलं आवडेल हे तुम्हीच ठरवा.

आता हॉटेलच्या दारात चला. आत पाऊल टाकताच ‘इराश्शाइमासे’ असं कानावर येईल. म्हणजे ‘यावं, यावं’. त्याला उत्तर द्यायचं नसतं, हसून मान लववली की पुरे. मग काउंटरवर म्हणायचं, ‘चेक्कुइन, ओनेगाइ शिमास्.’ हे ‘ओनेगाइ शिमास्’ म्हणजे ‘एवढं करा, विनंती आहे’. याच्यापुढे दुसरं काही पाठ झालं नाही तरी हे एक पाठ करा. हव्या त्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि पुढे हे जोडायचं. ‘मिझु, ओनेगाइ शिमास्’ म्हणजे पाणी द्या. ‘ताओरु, ओनेगाइ शिमास्’ म्हणजे टॉवेल. ‘मोऽफु’ म्हणजे ब्लँकेट. ‘निमोत्सु’ म्हणजे सामान. खोली साधारण दुपारी ३ च्या सुमारास ताब्यात मिळते. त्याआधी पोचलात तर सामानाकडे बोट दाखवून ‘निमोत्सु, ओनेगाइ शिमास्’ म्हटलं की ते ठेवून घेतात.

ते ‘पासुपोऽतो’ मागतील. पासपोर्ट दाखवा, घाबरू नका. जपानमध्ये घर-पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट बघून त्याची प्रत ठेवायची, असा तिथे नियमच आहे. प्रत काढून झाली की पासपोर्ट परत घ्या आणि बाहेर पडतानाही जवळच असू द्या. पाहुण्यांनी तो सतत जवळ बाळगावा, असा तिथला कायदा आहे. बटव्यात ठेवा, खोलीत नको.

नाव सांगताना ‘पाटील देस्’ एवढं पुरे. दुसऱ्याच्या नावापुढे ‘सान’ लावतात, आपल्या ‘ताई’, ‘राव’सारखं, पण स्वतःच्या नावाला कधी लावायचं नाही. आणि आपलं नाव ते कसं उच्चारतील याची तयारी ठेवा. त्यांच्याकडे ‘ल’ नाही, त्याचा ‘र’ होतो, आणि जोडाक्षराच्या पोटात उकार शिरतो. पाटीलबाईंची ‘पातिरु-सान’ होते, कुलकर्णीबाईंची ‘कुरुकारुनि-सान’. वैशाली असेल तर ‘बाइशारि’. कुणी अशी हाक मारली तर ती आपल्यालाच आहे हे ओळखा.

मजल्यांचा हिशेब वेगळा आहे. आपला तळमजला तो त्यांचा पहिला, ‘इक्काइ’. आपला पहिला तो त्यांचा दुसरा, ‘निकाइ’. लिफ्टमध्ये हे लक्षात ठेवा.

न्याहारी किती वाजता? ‘आसागोहान वा नान्जि देस् का?’ आसागोहान म्हणजे सकाळचं जेवण, नान्जि म्हणजे किती वाजता. इथे एक फरक आहे. आपण ‘किती’ आला की ‘का’ सोडतो, ते तिथेही ‘का’ लावतातच. खोली कधी सोडायची हे विचारायचं तर ‘चेक्कुआउतो वा नान्जि देस् का?’ बहुधा सकाळी १० किंवा ११ असतं. प्रश्न विचारणं सोपं, उत्तर कळणं अवघड. काउंटरवरची माणसं फार आदरानं आणि लांबलचक बोलतात. म्हणून वहीचं पान पुढे करून म्हणा, ‘काइते कुदासाइ.’ म्हणजे लिहून द्या. आकडे सगळ्या जगात ओळखू येतात. ‘मोऽ इचिदो’ म्हणजे पुन्हा एकदा, ‘युक्कुरि’ म्हणजे सावकाश. दोन्हीच्या पुढे आपलं ‘ओनेगाइ शिमास्’.

आणखी एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं : ‘यासाशिइ निहोन्गो दे ओनेगाइ शिमास्.’ सोप्या जपानीत सांगा. याच्यामागे मोठी गोष्ट आहे. १७ जानेवारी १९९५ ला कोबे शहराच्या भागात मोठा भूकंप झाला. तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांना सूचना कळेनात. पाणी कुठे मिळतं, आसरा कुठे आहे, हे सगळं अवघड जपानीत सांगितलं जात होतं. त्यानंतर तिथल्या अभ्यासकांनी ‘सोपी जपानी’ तयार करायला घेतली. छोटी वाक्यं, रोजचे शब्द. आज तिथल्या कितीतरी सरकारी कचेऱ्या अशी जपानी वापरतात. तेव्हा आपण हे मागतो त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती तिथली ओळखीची मागणी आहे.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून घेते. भूकंप म्हणजे ‘जिशिन’. छोटे धक्के तिथे नेहमीचे. खोलीत शिरल्यावर पिशवी ठेवायच्या आधी दाराच्या आतल्या बाजूला लावलेला नकाशा बघा. बाहेर पडायची वाट म्हणजे ‘हिजोऽगुचि’, तिच्यावर धावणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र असतं. चार पावलं चालून ती वाट एकदा डोळ्यांखालून घाला. हलायला लागलं की टेबलाखाली डोकं झाकायचं, लिफ्टकडे जायचं नाही. ‘आबुनाइ!’ म्हणजे सांभाळा, धोका आहे. ‘निगेते!’ म्हणजे पळा. हा शब्द समुद्रकाठच्या गावात ऐकलात तर काही विचारत बसू नका, उंचावर जा.

आता पोटाकडे वळते, कारण सगळ्यात जास्त हाल इथेच होतात. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. ‘निकु’ म्हणजे मांस, आणि निकु नको म्हटलं की समोर मासा येतो. मासा त्यांच्या लेखी निकु नव्हे. म्हणून एकेक नाव घ्या : ‘निकु’ मांस, ‘साकाना’ मासा, ‘तामागो’ अंडं. पुढे ‘वा ताबेरारेमासेन’ जोडा. म्हणजे ‘खाऊ शकत नाही’. ‘ताबेमासेन’ म्हणजे ‘खात नाही’, तेही चालतं, पण ‘शकत नाही’ म्हटलं की समोरचा माणूस जास्त मनावर घेतो असा माझा अनुभव आहे. आणि एक लपलेला मासा असतो, त्याचं नाव ‘दाशि’. दाशि म्हणजे पातळ सार. ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या कीसापासून करतात, आणि ते मिसोच्या सारात, शेवयांच्या रश्श्यात, कधी भाजीतही असतं. दिसायला नुसतं पाणी. माळकरी बायकांनी हे ध्यानात ठेवा : ‘दाशि मो दामे देस्’, दाशिही चालत नाही.

ज्यांना एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्यांनी हा भाग दोनदा ऐका. ‘आरेरुगी गा आरिमास्’ म्हणजे ॲलर्जी आहे. पुढे आधी पदार्थाचं नाव : ‘तामागो नो आरेरुगी गा आरिमास्.’ शेंगदाणा म्हणजे ‘पीऽनात्त्सु’, कोळंबी ‘एबि’, दूध ‘ग्यूऽन्यूऽ’, गहू ‘कोमुगि’. लेकीकडून हे जपानी अक्षरात एका कार्डावर लिहून घ्या आणि प्रत्येक जेवणाआधी दाखवा. बोलण्यापेक्षा कार्ड बरं, कारण ते आत स्वयंपाकघरात जाऊन येतं.

खायचं काय मग? भात म्हणजे ‘गोहान’, दही ‘योऽगुरुतो’, फळं ‘कुदामोनो’, मीठ ‘शिओ’. सकाळी बऱ्याच हॉटेलांत टेबलावर सगळं मांडलेलं असतं आणि आपण हवं ते घ्यायचं. त्याला ते ‘बाइकिंगु’ म्हणतात. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलनं १९५८ साली ही पद्धत सुरू केली, तेव्हापासून हे नाव पडलं. तिथे भात, दही, फळं घेतलं की आपलं निभतं. खोलीत पाणी उकळायची विजेची किटली बहुधा असते, नळाचं पाणीही पिण्यालायक असतं. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेला रवा न्या. ताजी फळं, भाजी आणि कढीपत्ता मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. घरची पाणी तापवायची कॉइलही नको. तिथली वीज १०० व्होल्टची आणि भोकं दोन चपट्या पट्ट्यांची.

कुणाला देवस्थानाचा योग आला तर सांगते. कोयासान नावाचा डोंगर आहे. कोबोदाइशि म्हणजेच कूकाइ या साधूंना तो ८१६ साली मिळाला. तिथल्या मठांत पाहुण्यांना राहता येतं. जेवण ‘शोऽजिन र्योऽरि’, म्हणजे मठाचं सात्त्विक. मांस-मासा तर नाहीच, कांदा-लसूणही नाही, आणि सार समुद्री शेवाळाचं किंवा वाळवलेल्या अळंबीचं. आपल्या चातुर्मासातल्या बाईला तिथे घरच्यासारखं वाटावं.

अंघोळीबद्दल बायका आधी हसतात आणि मग कान टवकारतात. जुन्या पद्धतीच्या मुक्कामाच्या घराला ‘र्योकान’ म्हणतात. तिथे चपला दारातच काढायच्या, चटईवर सपाताही चालत नाही, आणि संडासाच्या सपाता संडासातच ठेवायच्या. गरम पाण्याचं सामाईक स्नानगृह असतं, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. आत अंगावर काहीही ठेवत नाहीत. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग कुंडात नुसतं बसायचं. साबण कुंडात न्यायचा नाही. दारावरचा पडदा बहुधा बायकांचा लाल आणि पुरुषांचा निळा. पण काही ठिकाणी वेळेनुसार दोन्ही बाजूंची अदलाबदल करतात, म्हणून सकाळी गेलेल्या दारानं संध्याकाळी डोळे मिटून शिरू नका. ‘ओन्ना?’ म्हणून विचारा. ओन्ना म्हणजे बाई. कपड्यांसाठी ‘युकाता’ देतात, झग्यासारखा. तो नेसताना डावी बाजू वर आली पाहिजे. उजवी वर घेतात ती मयताची.

आणि गोंदण. आपल्याकडे हातावर, कपाळावर गोंदण असलेल्या कितीतरी जणी आहेत. तिथे गोंदणाचा संबंध गुंड टोळ्यांशी जोडतात, त्यामुळे बऱ्याच स्नानगृहांत गोंदलेल्या माणसाला मज्जाव असतो. २०१३ साली न्यूझीलंडच्या माओरी समाजातली एक बाई होक्काइदोला आदिवासी भाषांच्या परिषदेला गेली होती. तिच्या चेहऱ्यावर तिच्या समाजाचं पारंपरिक गोंदण होतं. तिला स्नानगृहात येऊ दिलं नाही. गंमत म्हणा की दुःख म्हणा, त्याच होक्काइदोच्या आइनु समाजातल्या बायकाही पूर्वी ओठांभोवती गोंदत असत. आपल्या आजीनं हौसेनं काढून दिलेल्या तुळशीला कुणी गुंडाची खूण समजावं, हे मला पटत नाही. पण दारात अपमान होऊ नये म्हणून आधीच विचारा : ‘ताऽतू, दाइजोऽबु देस् का?’ गोंदण चालेल का? नाही म्हणाले तर ‘काशिकिरि’ विचारा. म्हणजे तासाभरासाठी आपल्या एकटीला मिळणारी न्हाणी. नाहीतर खोलीतली असतेच. दोन्ही वेळा मान ताठ ठेवा.

खोलीत काही बिघडलं तर? ‘ओयु गा देमासेन’, गरम पाणी येत नाही. गंमत बघा, गार पाण्याला ‘मिझु’ आणि गरम पाण्याला ‘ओयु’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘एआकोन गा त्सुकिमासेन’, एसी लागत नाही.

आता शेवटचा भाग, आणि हा नवऱ्यालाही पाठ करायला लावा. तब्येत. ‘गुआइ गा वारुइ देस्’ म्हणजे बरं वाटत नाही. दुखतं ती जागा आधी, मग ‘गा इताइ देस्’ : पोट ‘ओनाका’, डोकं ‘आतामा’, छाती ‘मुने’. ‘मुने गा इताइ देस्’, छातीत दुखतंय. चक्कर येते म्हणजे ‘मेमाइ गा शिमास्’. साखरेचा आजार असेल तर ‘तोऽन्योऽब्योऽ देस्’. रक्तदाब असेल तर ‘केत्सुआत्सु गा ताकाइ देस्’. ‘क्यूऽक्यूऽशा ओ योन्दे कुदासाइ’ म्हणजे रुग्णवाहिका बोलवा. फोन ११९, आगीचाही तोच. पोलिसांचा ११०. रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत, दवाखान्याचे पडतात आणि भरपूर पडतात, म्हणून विमा काढूनच जा. रोजच्या गोळ्या महिनाभरापेक्षा जास्त न्यायच्या असतील तर आधी परवानगी काढावी लागते, आणि सर्दीच्या काही औषधांना तिथे बंदीच आहे. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या.

काहीच आठवलं नाही तर एकच शब्द, मोठ्यानं : ‘तासुकेते!’ वाचवा, मदत करा. रात्री दारावर नको तो माणूस आला तरी हाच. आईपणाच्या भिडेनं किंवा ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसू नका. आता घरात म्हणून बघा, एकदा, आवाज मोकळा सोडून. तासुकेते!

निघायच्या दिवशी किल्ली काउंटरवर द्यायची आणि म्हणायचं, ‘ओसेवा नि नारिमाश्ता.’ तुम्ही माझी काळजी घेतलीत. वर पैसे ठेवू नका, तिथे बक्षिशीची रीत नाही, पळत येऊन परत देतील. चार्जर, चष्मा, कवळी राहिली का बघा, आणि राहिलीच तर फोन करून म्हणा, ‘वासुरेमोनो देस्’, माझी वस्तू राहिली आहे.